औंढ्याचे देऊळ आणि याकोबाची विहीर

शास्त्रवाचन : योहान ४:१-४२, २ राजे ५:१-१९, इब्री १३:१०-१४



मध्यंतरी एका रविवारी मिस्सेनंतर एक ताई मला भेटायला थांबल्या. मुलाच्या शाळेची सहल औंढा नागनाथ आणि नरसी नामदेव इथे निघायची होती. मुलगा हट्ट धरून बसलेला. आजी म्हणत होती, आपण ख्रिस्ती आहोत, देवळात पाय ठेवायचा नाही. मुलाचे वडील म्हणत होते, देव सगळीकडे एकच, जाऊ दे की त्याला. "फादर, तुम्ही सांगाल तसं करू," असे म्हणून ताई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

मुलगा सहलीला गेला, मजेत परतही आला. पण आजी आणि वडील या दोघांनी जे म्हटले त्यावर मी बरेच दिवस विचार करीत आहे, कारण दोघांचेही म्हणणे मला अर्धे खरे वाटते. आपल्या धर्मग्रामातल्या जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतो. चुलतभावाच्या घरी सत्यनारायण असतो, ऑफिसात दसऱ्याची पूजा असते, शेजारीण तीर्थयात्रेहून प्रसाद घेऊन येते. आपण वसमतला मूठभर आहोत. चारी बाजूंना दुसऱ्या श्रद्धेची माणसे आहेत आणि त्यांपैकी कित्येक आपल्याच रक्ताची आहेत. तेव्हा हा विषय आज थोडा सविस्तर पाहू.

आधी औंढ्याचे देऊळ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक अशी त्याची ख्याती. बांधणी हेमाडपंती. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग पुढे पुन्हा बांधलेला, हे पाहताक्षणी कळते. दोन गोष्टी मात्र चमत्कारिक आहेत. पहिली म्हणजे पिंड वर नाही, खाली आहे. तळघरासारख्या लहानशा गाभाऱ्यात, अरुंद जिन्याने, अंग चोरून उतरावे लागते. दुसरी म्हणजे नंदी. तो शिवाच्या देवळात दारासमोर बसलेला असतो. इथे तो मागच्या बाजूला आहे. असे का, म्हणून कोणाही औंढेकराला विचारा, तो नामदेवांची गोष्ट सांगेल.

नामदेव शिंपी. त्यांचा काळ साधारण १२७० ते १३५०. आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. गोष्ट अशी की ते औंढ्याला देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना त्याची अडचण झाली. त्यांनी नामदेवांना उठवून देवळाच्या मागे जायला सांगितले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. नंदी होता तिथेच राहिला!

या कथेला फार जुना आधार आहे आणि तोही आपल्याला अनपेक्षित अशा ठिकाणी. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात हीच हकीकत येते: हलक्या जातीचा म्हणून भक्ती करताना आपल्याला उठवले, आपण घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसलो, आणि देऊळ फिरले. ज्या ग्रंथात हे आहे त्यालाच गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली आपल्या नांदेडात गुरुपदावर बसवले. म्हणजे वसमतचा माणूस औंढ्याला जावो की नांदेडला, एका शिंप्याला दारातून उठवले ही गोष्ट त्याच्या दोन्ही वाटांवर आहे.

औंढ्याची आणखी एक कथा आहे आणि मला ती पहिलीपेक्षाही आवडते. संतमेळ्यात गोरोबा कुंभाराने आपल्या थापटण्याने एकेकाचे डोके तपासले, म्हणतात. बाकीची मडकी पक्की निघाली, नामदेवांचे कच्चे ठरले. रागावलेल्या नामदेवांना गुरू शोधायला सांगण्यात आले. ते औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले! पाय काढा, म्हणून नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, माझ्याने हलवत नाहीत, जिथे देव नाही तिथे तूच नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड उगवली. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलची 'जागा' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागे. एखादी वस्तू ज्याने वेढलेली असते त्याची आतली कड म्हणजे तिची जागा. पाण्याची जागा म्हणजे घागर. ही व्याख्या घेऊन संत थोमस अक्वायनस विचारतात की देवाला घागर कोणती? देव सर्व वस्तूंत आहे, कारण त्याने धरून ठेवल्यावाचून कोणतीही वस्तू टिकणार नाही. पण कोणतीही वस्तू त्याला वेढू शकत नाही. परीक्षेसाठी मी हे घोकले खरे. ते मनात मात्र विसोबांच्या पायांमुळे राहिले. आणि आपल्या पवित्र शास्त्रात याहून जुना साक्षीदार आहे. शलमोन राजाने यरुशलेमचे मंदिर बांधले, केवढा खर्च, केवढी मेहनत! अर्पणाच्या दिवशी सर्व लोकांसमोर त्याने काय विचारले? स्वर्ग, स्वर्गांचा स्वर्गही ज्याला पुरत नाही, त्याला मी बांधलेले हे घर कसे पुरणार? (१ राजे ८:२७). स्वतः बांधलेल्या मंदिराबद्दल, उद्घाटनालाच!

कोणी म्हणेल, फादर, या कथा आहेत, इतिहास नाही. कबूल. देऊळ खरोखर फिरले का, याची चौकशी मला करायची नाही. प्रभू येशूचे मरण आणि पुनरुत्थान या घटना म्हणून आपण कबूल करतो, त्या पंगतीत ही कथा मी बसवत नाही. पण सातशे वर्षे लोक जी कथा सांगत आले तिच्यात काही सत्य असेल तर ख्रिस्ती माणसाने घाबरायचे कारण काय? दुसऱ्या शतकातले आपले संत जस्टीन तत्त्वज्ञ होते. स्नानसंस्कार घेतल्यावरही त्यांनी तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. ते शिकवीत की देवाच्या शब्दाचे बीज सर्व माणसांत पेरलेले आहे, म्हणून ग्रीक विचारवंत जे जे खरे बोलले ते आपलेही आहे. त्याच विश्वासासाठी सुमारे १६५ साली रोममध्ये त्यांनी प्राण दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नॉस्त्रा एताते' या घोषणेत हेच सांगितले आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. आणि त्याच परिच्छेदात, ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन आहे हे सांगण्याचेही ती थांबवत नाही. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. एकच वाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

हे जस्टीन जन्मले कुठे? शोमरोनात, आज ज्याला नाब्लुस म्हणतात त्या गावी. याकोबाची विहीर तिथेच जवळ आहे. आता ती ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत आहे आणि तिच्याजवळ जायलाही पायऱ्या उतराव्या लागतात. यहूदी, शोमरोनी, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच तिला याकोबाची मानतात. म्हणून तिथे शांती नांदते असे मात्र समजू नका. १९७९ साली त्या चर्चमधल्या धर्मगुरूचा तिथेच खून झाला.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू या विहिरीवर दमून बसला आहे. भर दुपारी एक बाई एकटीच पाणी भरायला येते. ओळख पटल्यावर ती त्याला विचारते की आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणता यरुशलेममध्येच करावी, तर खरे काय? आपण हा प्रश्न घाईने वाचून पुढे जातो. या प्रश्नामागे पाडलेले एक मंदिर आहे! समोरच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोकांचे मंदिर होते आणि येशूच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी योहान हिर्कनस या यहूदी सत्ताधीशाने ते पाडले. म्हणजे पाडणाऱ्यांच्या जातीतला एक पुरुष समोर बसून पाणी मागतो आहे आणि ती त्यालाच विचारते की देव कोणाच्या बाजूला आहे.

येशूचे उत्तर नीट पाहा. तारण यहूद्यांतून आहे हे तो तिच्यापासून लपवत नाही. ती दुखावेल म्हणून गुळमुळीत बोलत नाही. पण त्याच दमात सांगतो की पित्याची उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेममध्येही नाही, ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची अशी वेळ आली आहे. त्यानंतर, मशीहा मी आहे, हे तो सर्वांत आधी कोणापुढे उघड करतो? ना मुख्य याजकापुढे, ना मंदिरात. एका परजातीच्या बाईपुढे, जिच्या हातचे पाणीही यहूदी पीत नसत. पाणवठ्यावरची शिवाशिव काय असते हे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

इथे मी आजीकडे वळतो. 'देवळात पाय ठेवायचा नाही' या शब्दांत मला दोन नकार ऐकू येतात. एक तिच्या विश्वासाचा: मी एका देवाला नमले, आता दुसरीकडे नमणार नाही. हा नकार मोलाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. दुसरा त्याहून जुना आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांतल्या आज्या-पणज्यांना देवळात पाय ठेवूच देत नव्हते. चोखोबा आयुष्यभर पंढरीच्या दाराबाहेर उभे राहिले आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली, पण गावोगावची दारे त्या दिवशी उघडली नाहीत. ज्यांना हाकलले त्यांनी 'आम्हालाच यायचे नाही' म्हणणे यात स्वाभिमान आहे. फक्त हा स्वाभिमान आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात, एवढेच मी आजीला म्हणेन. आणि तिच्या नातवाला नामदेवांची गोष्ट तिनेच सांगावी, कारण ती गोष्ट हाकललेल्यांच्या बाजूची आहे.

आता वडील. देव सगळीकडे एकच, हे शलमोनही म्हणतो. पण हे वाक्य आपण बहुतेक वेळा रविवारी मिस्सा चुकवण्यासाठी वापरतो! देव सगळीकडे आहे, मग चर्चला कशाला जायचे? आपला विश्वास इथे अडून बसतो. जो कोठेही मावत नाही तो एका मुलीच्या उदरात मावला. नासरेथ नावाच्या एका आडगावात वाढला. बेथलेहेमला त्याच्या जन्मस्थानावरच्या चर्चचे दार जेमतेम चार फूट उंचीचे आहे. घोड्यावर बसून कोणी आत शिरू नये म्हणून ते बुजवून लहान केले, असे सांगतात. त्या दारातून मोठमोठ्यांना वाकून जावे लागते आणि पुढे गुहेत पायऱ्या उतराव्या लागतात. सगळीकडे असणाऱ्या देवाने भेटीसाठी एक ठिकाण, एक वेळ, एक शरीर निवडले. वेदीवरच्या भाकरीत तो आजही तसाच भेटतो. म्हणून दोन्ही जागा सारख्याच असे म्हणून मला मोकळे होता येत नाही.

मग वागायचे कसे? त्यासाठी नामानची गोष्ट वाचा (२ राजे ५). अरामी सेनापती, कोड बरे झाले, इस्राएलच्या देवावर त्याचा विश्वास बसला. त्याने दोन गोष्टी मागितल्या. एक, दोन खेचरांवर लादता येईल इतकी इस्राएलची माती. म्हणजे माती नेली तर देवही बरोबर येईल! बिचाऱ्याची समजूत अजून कच्च्या मडक्याची होती. दुसरी मागणी त्याहून अवघड. माझा राजा रिम्मोन देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावे लागते, एवढ्यापुरती मला क्षमा असो. अलीशा संदेष्टा मोठा कडक माणूस, पण त्याने नामानला ना मातीवरून शिकवले, ना नोकरी सोडायला लावले. निश्चिंत जा, म्हणाला. पोलिसात, एसटीत, शाळेत, पंचायत समितीत काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हा भाग पुन्हा वाचावा. कचेरीतल्या पूजेच्या वेळी हात जोडून शांत उभे राहणारा माणूस ख्रिस्ताला नाकारीत नाही. देवळात चपला काढणे, टिंगल न करणे, बांधणाऱ्यांची कला पाहून थक्क होणे यात पाप नाही. अभिषेक, नवस, आरती ही मात्र उपासना आहे आणि आपली उपासना दिलेली आहे. ती शेजाऱ्याला खूष करण्यासाठी करू नये. त्याने त्याच्या श्रद्धेचाही मान राहत नाही.

प्रसादाबद्दल संत पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात तीन अध्याय खर्ची घातले आहेत (८ ते १०). त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मूर्ती काही नाही, तेव्हा अन्न तुम्हाला विटाळत नाही, पण प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या वेदीचा भागीदार होऊ नये, आणि तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या भावाचा विश्वास डळमळणार असेल तर खाऊ नका. नियम तेवढा घ्यायचा आणि माणूस विसरायचा, हे पौलाला चालत नाही. शेजारणीने प्रेमाने दिलेले ताटाबाहेर फेकून तिचा अपमान करणे मला तरी ख्रिस्ती वाटत नाही. ज्याचे मन घेऊ देत नाही त्याने हात जोडून, हसून, साध्या शब्दांत सांगावे. बहुतेक लोक समजून घेतात.

एक गोष्ट आपल्याबद्दलही सांगायला हवी, नाहीतर हा अभ्यास एकतर्फी होईल. गोव्यात साष्टी भागातली देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडली. त्याच साष्टीत पुढे थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू राहिले. १५७९ ला ते गोव्यात आले, लोकांची भाषा शिकले आणि ज्ञानोबा-नामदेवांच्या परंपरेतली ओवी हातात घेऊन त्यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. पाडलेल्या देवळांच्या मुलखात दहा हजारांहून अधिक ओव्या! ओवी त्यांनी परकी मानली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आणि अलीकडचे म्हणाल तर २०२० साली आपल्याच मराठवाड्यात, धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक कॅथलिक धर्मगुरू त्या खुर्चीवर कसा, म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन झालेच. मराठी आपली आहे हे आपण कोणाकडून लिहून घ्यायचे नाही.

शेवटचा भाग इब्री लोकांस पत्र, तेरावा अध्याय. येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ, असे तिथे लिहिले आहे. त्याचे मरण मंदिरात झाले नाही, गावाबाहेर झाले. आणि त्या क्षणी मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला, असे मार्क सांगतो (१५:३८). औंढ्याच्या कथेने मला या वचनाकडे पुन्हा नेले. ज्याला उठवून मागे पाठवले त्याच्याकडे देवाचे तोंड असते, हे आम्ही कथा म्हणून ऐकले नाही, क्रुसावर पाहिले आहे.

आणि आमच्या चर्चमध्ये मागे कोण आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना, ख्रिस्तसभेतला जातिभेद चालणार नाही, असे स्पष्ट सुनावले. भारतीय बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, म्हणजे तोवर दुखणे बरे झालेले नव्हते. कायद्याचाही एक दरवाजा आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध बांधव आले, ख्रिस्ती मात्र अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कागदावर एक आणि मनात एक असे जगणारी कुटुंबे किती तरी आहेत. ती मिस्सेला उशिरा येतात, शेवटच्या बाकावर बसतात, नोंदवहीत नाव नको म्हणतात. त्यांच्याकडे वळून पाहणाऱ्यांनी आधी कपाळावर आठ्या घालू नयेत. त्यांच्या डोक्यावर आपले थापटणे मारून मडके कच्चे की पक्के हे ठरवण्याचे काम प्रभूने आपल्याला दिलेले नाही.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आपण योहान ४:१-४२ एकत्र वाचणार आहोत. वाचून येताना एक गोष्ट शोधून ठेवावी: ती बाई गावात परत धावली तेव्हा विहिरीवर काय विसरून गेली, आणि योहानाने ते मुद्दाम का लिहून ठेवले असेल. बायबल बरोबर आणावे. आजींना चटईवर बसायला त्रास होतो, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या असतील.